विझल्यावर चढलेलं पाणी

रेश्मा: आन प्रमुख पाहुणीनं आधी बोलायचं का मागनं? शाळंतल्या शबनम मॅडमना विचारायची लाज वाटली मला.

रोहिणी: शेवटी. आधी मुलं बोलतात, मग मुख्याध्यापक, मग पाहुणे. तोवर सगळे कंटाळलेले असतात.

रेश्मा: मंग मी लवकर आटपीन. ताई, डाळ मी निवडते, तुमी नुसतं सांगत ऱ्हावा. उद्या विज्ञान दिन, सावेडीतली एवढी मोठी शाळा, आन बोलावलंय मला.

रोहिणी: माहीत आहे मला ती शाळा. माझ्या माहेरापासून दोन गल्ल्या सोडून आहे.

बनुबाई: तिथंच तू अर्ज केल्ता ना गं रोहिणी? सायन्सच्या बाईचा?

रोहिणी: दोनदा केला होता, आई.

बनुबाई: आन त्यांनी बोलावलं धाकल्या सुनेला, तिचं व्हिडिओ बघून! दहावी नापासाला! काय दिवस आलंत.

रेश्मा: नापास न्हाई आई. मी परीक्षाच दिली न्हाई. तवा आमी सगळी कारखान्यावर हुतो, ऊस तोडायला.

रोहिणी: हो, नापास आणि गैरहजर यात फरक असतो. सर्टिफिकेट दोघांनाही मिळत नाही, एवढंच.

रेश्मा: ते बी खरंच. ताई, शबनम मॅडम म्हनत हुत्या, तुमी दोघी कॉलेजात एका वर्गात हुत्या म्हनं.

रोहिणी: माझ्या वह्या नेऊन पास झाली ती. माझी आठवण काढली का तिनं?

रेश्मा: काढली की. म्हनल्या, रोहिणीचं अक्षर लई सुंदर हुतं.

रोहिणी: अक्षर.

बनुबाई: ते अक्षरबिक्षर ऱ्हाऊ द्या. मला आधी सांगा, त्या मोबाईलला आपलं बोलनं ऐकू येतं का न्हाई? परवा मी गुडघा धरून आई गं म्हनले, तर सांजच्याला त्यात तेलाची जाहिरात. बाटली अशी माझ्याकडं बघत हुती.

रोहिणी: योगायोग असतो तो, आई.

रेश्मा: मी करून बघितलं ना आई. आठ दिस मोबाईलपुढं बसून म्हनत हुते, मला हत्ती घ्यायचाय, मला हत्ती घ्यायचाय. एक बी हत्ती आला न्हाई.

बनुबाई: अगं, त्यालाबी कळतंय, आपल्या गोठ्यात हत्ती मावत न्हाई. लबाड हाय त्यो. त्यातलं एक बी खरं नसतं. म्हनं यान चंद्रावर उतरलं. कोन बघाया गेल्तं? कांदा मोज्यात घालून झोपा, ताप उतरतो! मी घातला. ताप तिथंच, आन कांदा वाया.

रेश्मा: मी त्याच्यावर व्हिडिओ केला ना, तुमच्याच पायाचा.

बनुबाई: माझा पाय दोन लाख मानसांनी बघितला, रोहिणी! लग्नात बी एवढ्यांनी तोंड बघितलं नव्हतं.

रोहिणी: ऐकलंय मी. रोज ऐकते.

रेश्मा: ताई, एक सांगू? मला उद्याची भीती त्या पोरांची न्हाई वाटत. ह्याची वाटते. हे बघा. विज्ञान सत्य नाव हाय. फोटो न्हाई, काय न्हाई. माझा एक व्हिडिओ सोडत न्हाई त्यो. प्रत्येकाखाली लिहितो.

रोहिणी: असतात असे लोक. वाचायचं कशाला?

रेश्मा: आधी मी वाट बघायचे त्याची. खरंच. बाकीची समदी नुसतं छान ताई, मस्त ताई लिहितात. ह्यो चूक काढायचा, आन कदी कदी चूक खरीच असायची. मी वहीत उतरून घ्यायचे. मला वाटायचं, हाय कोनतरी मास्तर, पार शेवटापतूर बघतो माझं.

रोहिणी: वहीत?

रेश्मा: ही काय. पन परवा त्या मेनबत्तीवर ग्लास पालथा घालायच्या व्हिडिओखाली काय लिहिलं, वाचा.

रोहिणी: तूच वाच. माझा चष्मा आत आहे.

रेश्मा: "साफ चूक. जळताना ऑक्सिजन संपतो, म्हणून पाणी चढतं. हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पण उसाच्या फडात प्रयोगशाळा नसते, त्याला कोण काय करणार." बघा. खाली चारशे जनांनी हसून ठेवलंय.

बनुबाई: कोन हाय त्यो मुडदा? जीभ झडो त्याची! फडात काय, जनावरं राहत्यात व्हय?

रेश्मा: शिव्या नका देऊ आई. मला इचार पडलाय तो दुसराच. मी फडावरची हाय, हे मी एका बी व्हिडिओत सांगितलं न्हाई. मंग त्याला कसं कळलं?

बनुबाई: मंजी वळखीचाच कोनतरी. घरोब्यातला. तुझ्या नवऱ्याच्या, ओमच्या मित्रांतला असंल एखादा. आसं गोड बोलून चहा पिऊन जात असंल बघ इथं.

रोहिणी: आई, शेळी ओरडतेय केव्हाची. पाणी दाखवलं का तिला?

बनुबाई: दावते. पन तो सापडू दे मला. मोबाईलसकट पानी पाजते त्याला.

रेश्मा: गेल्या. ताई, मला खरं सांगा, मी जाऊ का नको? त्या शाळंतल्या पोरांनी हे वाचलं असनार. मी उभी ऱ्हायले की त्यांना मी न्हाई दिसायची, कोयता दिसंल. आमी सहा म्हयने इथं शाळंत आन सहा म्हयने फडावर असायचो. परत आलो की वर्ग पुढं गेलेला असायचा. मास्तर म्हनायचे, आलीस का पाहुणी. तवापासून पाहुणी म्हनलं की मला कसंतरीच हुतं.

रोहिणी: मग नको जाऊस.

रेश्मा: व्हय?

रोहिणी: मला विचारलंस म्हणून सांगते. मोठ्या शाळेतली मुलं असतात, इंग्रजीत विचारतील. एखादा शब्द अडला की हसतील. मोबाईलवर पुसता तरी येतं. तिथं नाही पुसता येत.

रेश्मा: मलाबी तसंच वाटत हुतं. मंग तुमीच जाता का?

रोहिणी: मी?

रेश्मा: तुमी बीएस्सी. माहेर तिथलंच. मी शबनम मॅडमना सांगते, मला बरं न्हाई, माझ्या जाऊबाई येतेत, त्या माझ्यापेक्षा लई शिकल्यात.

रोहिणी: तिला चालेल का पण?

रेश्मा: का न्हाई चालनार? उलट त्यांना बरंच.

रोहिणी: लगेच लाव मग फोन. म्हणजे त्यांना पत्रिकेत, फलकावर नाव बदलायला वेळ मिळेल. रोहिणी रविराज लिहायला सांग, पुढं बीएस्सी. आणि हे बघ, बरं नाही एवढंच सांग, बाकी काही बोलू नकोस.

रेश्मा: लावते. ...उचलत न्हाईत. मेसेज आलाय, वर्गात हाय, पाचला करा. तवर मी तुमाला प्रयोग दाखवू का? त्यांनी मेनबत्तीचाच सांगितलाय.

रोहिणी: तो मला काय दाखवतेस? मीच तुला दाखवला होता. तू नवीन नवरी होतीस, लाईट गेली होती.

रेश्मा: दाखवला न्हवता. सांगितला हुता. मेनबत्ती एकच हुती, ती आईंनी चुलीपाशी नेली. पन तुमी बोटानं जमिनीवर काढून दाखवलं हुतं समदं. मला लई आवडलं हुतं. त्याच्या आधी मला कुनी असं बसून काय सांगितलंच न्हवतं.

रोहिणी: बरं. आण ताटली.

रेश्मा: ताटलीत पानी. हळद टाकते जरा, म्हंजी दिसतं. मधी मेनबत्ती. आता हा काचेचा ग्लास तुमी पालथा घाला. हळू.

रोहिणी: घातला. आता आतला ऑक्सिजन संपणार आणि...

रेश्मा: बोलू नका ताई. कडंला बघा, ग्लासाच्या.

रोहिणी: काय बघू?

रेश्मा: बुडबुडं. दिसलं? दोन-तीन बाहेर आलं. आतली हवा तापली, ती फुगली, मावंना म्हनून बाहेर पळाली. आन आता पान्याकडं बघा. मेनबत्ती जळतेय अजून. पानी चढलं का?

रोहिणी: ...नाही. जरासं पण नाही.

रेश्मा: आता विझत आली. विझली. आता बघा.

रोहिणी: अगं!

रेश्मा: कसं सुर्रकन चढलं! जळताना न्हाई, विझल्यावर. ऑक्सिजन संपल्यानं चढायचं असतं तर जळताना हळूहळू चढलं असतं का न्हाई? आत ऱ्हायलेली हवा गार झाली, आखडली, तिनं पानी वर वढलं. दोन मेनबत्त्या लावल्या की आजून चढतं. मी तीन बी लावून बघितल्या. आमच्या ह्यांनी मेनबत्त्या लपवून ठेवल्या मंग.

रोहिणी: परत कर.

रेश्मा: परत? बरं. हे घ्या.

रोहिणी: ...बुडबुडे. खरंच आहेत. मी हा प्रयोग परीक्षेत लिहिलाय रेश्मा. आकृतीसकट. पूर्ण मार्क मिळाले होते. आणि केलेला कधीच नाही.

रेश्मा: तुमाला पाठ हुतं ना. मला पाठच व्हत न्हाई काय, म्हनून बघत बसावं लागतं. ताई, पाच वाजायला आलं. लावू फोन?

रोहिणी: नको.

रेश्मा: का? पुस्तकातलंच सांगायचं असंल तर तसं सांगा. मी काय म्हननार न्हाई.

रोहिणी: फोन लावू नकोस. तू जा. त्या विज्ञान सत्यला हे बुडबुडे माहीत नव्हते.

रेश्मा: त्याला काय म्हाईत हुतं न् काय न्हवतं, आपल्याला कसं कळनार?

रोहिणी: मला कळतं. तो कुणी मास्तर नाही, रेश्मा. मी आहे.

(रेश्मा ताटलीतला ग्लास उचलते आणि पालथ्या हातानं पुसत बसते.)

रेश्मा: सगळ्या कमेंटी?

रोहिणी: सगळ्या.

रेश्मा: फडाची बी?

रोहिणी: ती पण.

रेश्मा: लिहिताना हात थांबला न्हाई व्हय तुमचा?

रोहिणी: थांबला होता. मग उठून चहा केला, प्यायले, आणि पाठवली.

रेश्मा: काय केलं हुतं मी तुमचं? तुमच्याआधी कदी जेवले न्हाई ह्या घरात.

रोहिणी: काही नव्हतं केलंस. त्या दिवशी हे तुझा व्हिडिओ बघत होते. चारदा बघितला. मला म्हणाले, बघ, किती सोपं करून सांगते. नऊ वर्षं झाली आमच्या लग्नाला. मला ह्यांनी एकदा विचारलं नाही, रोहिणी, आभाळ निळं का असतं? कुणीच विचारलं नाही. आई सुद्धा शेजारच्या बायकांना म्हणतात, आमची रेश्मा विज्ञानातली हाय. तेव्हा मी तिथंच भाकरी थापत असते.

रेश्मा: तुमी मला तसं म्हनायचं हुतं.

रोहिणी: काय म्हणायचं होतं? मी तुझ्यावर जळते, असं?

रेश्मा: व्हय. असंच. मी समजून घेतलं असतं. मीबी जळतेच की तुमच्यावर. तुमाला इंग्रजीचं फलक वाचता येतेत, बँकेत तुमी ताठ उभ्या ऱ्हाता. मी घरी येऊन तुमच्यावानी उभी ऱ्हाऊन बघायचे, आरशात. पन मी कदी तुमच्या माहेराला नावं न्हाई ठेवली, ताई.

रोहिणी: काढून टाकते मी ते. आत्ता. सगळंच खातं काढून टाकते.

रेश्मा: बाकीचं राहू द्या. चुका खऱ्या हुत्या त्या. तेवढं एक काढा.

रोहिणी: काढलं. हे बघ. ...माफी मागितली तर चालेल का?

रेश्मा: आत्ता नका मागू. आत्ता मी न्हाई म्हनीन.

बनुबाई: काय गं, अंधारून आल्यावानी बसल्यात दोघी! ताटली काय, हळद काय! लागला का तपास त्या मुडद्याचा?

रेश्मा: लागला, आई.

बनुबाई: कोन? नाव सांग, ओमला धाडते आत्ताच्या आत्ता.

रेश्मा: हाय एक शिकलेलं मानूस. बोलनं झालंय माझं. आता न्हाई लिहायचं ते तसलं.

बनुबाई: लाज वाटली का त्याला?

रेश्मा: तुमी शेळी बांधली का?

बनुबाई: बांधली. मंग, उद्या जायाचं का न्हाई?

रेश्मा: जायाचं. नऊच्या एसटीनं.

रोहिणी: मी येऊ का सोबत? प्रयोगाचं सामान धरायला. ग्लास काचेचा आहे, गर्दीत फुटायचा.

रेश्मा: ...या. पन माझ्यासमोर बसू नका ताई. पार मागं बसा.