शेवटच्या पानावरचा गुप्तहेर

वकिलांच्या बाहेरच्या खोलीत छापखानेवाले मामा आणि कादंबरी लिहिणारा भाचा नोटीस धरून बसले होते. समोर मृत्युपत्रासाठी आलेल्या बाईंनी वर्तमानपत्र उघडलं होतं, पण कान तिकडेच.

"एवढा जगप्रसिद्ध गुप्तहेर, मामा. त्याचे हक्क असलेल्या मालकांना न विचारता कादंबरीत वापरला, हे एक वेळ चाललं असतं."

"चाललं असतं? तुरुंगात जाऊ, गाढवा!"

"पण मारायला नको होता."

"मग मारलास कशाला?"

"तुम्हीच म्हणालात, छपाईचा शेवटचा फॉर्मा सोळा पानांचा, सतरावं पान मिळणार नाही. उरलेल्या अर्ध्या पानात काय करणार?"

"म्हणून न्हाणीघरात पाय घसरून?"

"गोळी घालायची तर घालणारा आणावा लागतो. जागा कुठे होती?"

"हळू बोल. हे वकील तरी वाचवतील ना?"

"बाकी सगळ्यांनी नाही म्हटलंय."

इतक्यात दार उघडलं. वकीलसाहेबांच्या हातात तीच कादंबरी होती, पानांत बोट.

"बसा, बसा! लहानपणापासून भक्त आहे मी या गुप्तहेराचा. तुमच्यासाठी जिवाचं रान करतो. फक्त शेवट सांगू नका, दोनच पानं राहिलीत."

ते परत आत गेले, दार लागलं.

"मामा, दोन पानं वाचायला किती वेळ लागतो?"

"चप्पल घाल."