सत्तेचाळीस नंबरचा खांब

सन्माननीय अध्यक्ष, ज्यांच्या स्टुडिओत इथल्या निम्म्या लोकांनी हनुवटी वर करून फोटो काढून घेतले आहेत. प्रमुख पाहुणे, आपल्या सगळ्यांचे डोळे तपासणारे डॉक्टरसाहेब. व्यासपीठावर मधोमध बसलेल्या आणि मघापासून माझ्याकडे संशयाने बघणाऱ्या आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे तुम्हा सर्वांच्या ताई आणि माझी सख्खी मोठी बहीण. छायाचित्रकार मंडळाचे सभासद, आणि समोर जमलेल्या बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. ताईने घरून निघतानाच बजावलं, "तीनच बोल. आणि माझं कौतुक करायला जाऊ नकोस, तुला ते जमत नाही." खरं आहे, जमत नाही. शिवाय मी त्यासाठी उभाही राहिलेलो नाही. भाषणाच्या शेवटी चूकभूल पोटात घाला म्हणायची रीत असते ना? मी आज त्या शेवटच्या वाक्यासाठी उभा आहे. बावीस वर्षांपूर्वी मी एक चूक केली. तिचा दोष ताईने स्वतःवर घेतला आणि त्यापायी तिची जिवाभावाची मैत्रीण तुटली. ती मैत्रीण आज या सभागृहात बसली आहे. ताई दुकान सोडून उद्या सकाळी भाचीकडे राहायला जाते आहे, दोन दिवसांच्या प्रवासावर. म्हणजे बोलायचं तर आजच. पण एकदम सांगायचा धीर होत नाही, म्हणून जरा दुकानावरून वळसा घालून येतो.

आमचं दुकान तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. लांबट, अरुंद, बोळासारखं. बाबा तिथे कॅमेरे दुरुस्त करायचे. ताई त्यांच्या शेजारी बसून लेन्स साफ करायची. लेन्स पुसून झाली की ती दाराकडे धरायची, आणि त्या एवढ्याशा काचेत आमचा रस्ता उलटा लटकायचा. माणसं डोकं खाली, पाय वर करून चालायची. सायकली आभाळातून जायच्या. दुपारचं ऊन आत यायचं, त्यात धूळ तरंगायची, बाबांचा स्क्रू ड्रायव्हर कुठेतरी टिकटिक करायचा, आणि मी हनुवटी काउंटरवर टेकून ती उलटी माणसं बघत बसायचो. अजून कधीकधी स्वप्नात ती येतात. ती पडत का नाहीत, हे मी ताईला विचारायचो. ती म्हणायची, "त्यांना कोणी सांगितलं नाही म्हणून."

बाबा गेल्यावर दुकानाचे दोन भाग झाले. मध्ये प्लायवूडची फळी. आम्ही लोकांना सांगायचो, भांडण नाही, मतभेद आहे. भांडणच होतं! आणि कशावरून? तर एका रिंगेवरून. तुमच्यापैकी जे आता मोबाइलवर फोटो काढतात त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यांची लेन्स काढता येते, दुसरी लावता येते. पण प्रत्येक कंपनीचं तोंड निराळं. एकीचे आटे फिरवून बसतात, दुसरीच्या खाचा अडकतात. लोकांकडे असायचा एका घराण्याचा कॅमेरा आणि हाती लागायची दुसऱ्याच घराण्याची लेन्स. मी म्हणालो, मध्ये एक रिंग टाकू, काहीही कशालाही लावू. ताई म्हणाली, "बसतं ते जुळतंच असं नाही."

तेव्हा मला तो नुसता हट्ट वाटायचा. काय तिचे एकेक नियम! कॅमेरा बरोबर आणल्याशिवाय लेन्स दाखवायची नाही. लेन्सची मागची काच फार बाहेर आली असेल तर आतल्या आरशाला लागेल, म्हणून पट्टी लावून मोजायचं. काचेत बुरशीची जाळी धरली आहे का, ते उजेडात बघायचं. आणि हे सगळं पार पडलं की शेवटची परीक्षा. गिऱ्हाइकाला हाताला धरून दुकानाच्या दारात उभं करायचं. आमचा रस्ता जिथे बंदराकडे वळतो तिथे दिव्याचा शेवटचा खांब आहे, त्याच्यावर पांढऱ्या रंगात सत्तेचाळीस हा आकडा आहे. ताई विचारायची, "शेवटचा खांब दिसला का? नंबर वाचा." ज्याला सत्तेचाळीस वाचता आला त्यालाच लेन्स मिळाली. डॉक्टरसाहेब, तुमचा तक्ता भिंतीवर लागायच्या आधीपासून आमच्या रस्त्यात तो खांब आहे.

कारण अशी रिंग टाकली की लेन्स एखादा मिलिमीटर पुढे सरकते. एवढंसं, नखाच्या जाडीएवढं. पण तेवढ्याने जवळचं छान दिसतं आणि लांबचं काही केल्या स्पष्ट होत नाही. मला हे माहीत नव्हतं का? होतं. बाबांचाच मुलगा मी. पण दुकानात उभं राहून मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं की तारखा कशा ठसठशीत दिसायच्या, गिऱ्हाईक खूश, मीही खूश. दारापर्यंत कोण जातंय!

आता बाईंकडे येतो. आमच्या समोरच्या माडीवर शिवणकाम करणाऱ्या बाई, ज्यांना सगळा रस्ता शिवणवाल्या बाई म्हणतो. ताईला लेन्स पुसायला मलमलीचे तुकडे त्यांच्याकडून यायचे. रोज चार वाजता त्या मशीन थांबवून खाली यायच्या, दुकानात चहाचे तीन कप यायचे, ताईचा, बाईंचा आणि फळीपलीकडे माझा. तासभर दोघींचं काय चालायचं देव जाणे. फळीतून मला फक्त हसणं ऐकू यायचं. ते ऐकत काम करायची मला इतकी सवय होती की त्या एखाद्या दिवशी आल्या नाहीत तर माझ्या हातून स्क्रू पडायचे.

बाईंचा एकुलता एक मुलगा बोटीवर नोकरीला निघाला. बाईंकडे यजमानांचा जुना कॅमेरा होता, पण त्याच्या लेन्सला बुरशी लागलेली. त्यांनी ताईला सांगून ठेवलं, "बोट धक्क्यापासून लांब गेली तरी त्याचा चेहरा दिसेल अशी लेन्स द्या." ताई शोधाला लागली, आणि नेमकी तापाने आडवी झाली. आठवडाभर तिच्या काउंटरवर मी बसलो. त्यातल्या दुसऱ्या दिवशी बाई कॅमेरा घेऊन आल्या. बोट लगेच पुढच्या सकाळी सुटणार होती.

मी ताईचे खण उघडून बघायला हवे होते. उघडले नाहीत. फळीपलीकडे गेलो, माझ्या कपाटातली दुसऱ्याच कंपनीची लांब पल्ल्याची लेन्स काढली, माझी रिंग चढवली आणि बाईंच्या कॅमेऱ्यावर बसवली. का? खुमखुमी, दुसरं काय? ताईच्या काउंटरवर बसून माझी रिंग द्यायची, आणि ती बरी होऊन आली की सांगायचं, बघ, काही बिघडलं का? बाईंना कॅलेंडर दाखवलं. तारखा स्पष्ट. त्या म्हणाल्या, "खांब नाही बघायचा?" मी म्हणालो, "बाई, ते ताईचं खूळ आहे." लेन्स ताईनेच निवडून ठेवली आहे असं त्यांना वाटलं, आणि मी ते तसंच वाटू दिलं.

आठवड्याने ताई पहिल्यांदा दुकानात आली, आणि त्याच दिवशी बाई फोटो घेऊन आल्या. मी माझ्या बाजूला, फळीआड होतो. त्यांनी फोटो काउंटरवर एकेक करून मांडले, तो आवाज मला आला. मग त्या म्हणाल्या, "ताई, धक्क्याच्या कठड्यावरचा गंजसुद्धा दिसतोय. आणि माझं पोर कुठे आहे?"

या कॅमेऱ्यांत आत आरसा असतो. लेन्सला जे दिसतं तेच आपल्या डोळ्याला दिसतं. म्हणजे बोट पुसट दिसत होती ती बाईंना तेव्हाच दिसत होती. मग त्या थांबल्या का नाहीत? त्याच पुढे म्हणाल्या, "मी सारखी डोळे पुसत होते. पुसायचे, परत बघायचे. मला वाटलं, रडतेय म्हणून दिसत नाही."

ताईने कॅमेरा हातात घेतला असणार, रिंग फिरल्याचा खटका मला ऐकू आला. तिला कळलं. रिंग कोणाची, कोणी लावली, सगळं कळलं. ती म्हणाली, "काउंटर माझा आहे, बाई. चूक माझी आहे." जरा मोठ्याने म्हणाली. मला आजही वाटतं की बाहेर येऊन बोलायला तिने मला तेवढी जागा ठेवली होती. दोन पावलांवर दार होतं. मी हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन मूग गिळून बसलो.

ताई मला रागावली नाही. संध्याकाळी कुलूप लावताना एवढंच म्हणाली, "रिंगा विकायच्या तर विक. पण खांब बघून विक." त्या दिवसापासून मी बघतो. पण चार वाजता चहाचे दोनच कप यायला लागले. बाई समोरच्या माडीवरच राहिल्या, रस्ता तोच, पण त्या खाली उतरल्या की पलीकडच्या बाजूने जायच्या. मुलगा अकरा वर्षांनी आला, टक्कल आणि दाढी घेऊन. तोवर जातानाचं त्याचं चित्र म्हणून बाईंकडे काय होतं? स्पष्ट कठडा, आणि मागे एक करडा डाग. मी ते सगळं रोज दारात उभा राहून बघितलं आहे. ताई, तू मान खाली घालू नकोस. मान खाली मी घालायची आहे.

मग बावीस वर्षं गप्प बसलेला माणूस आज का बोलतोय? सांगतो. गेल्या आठवड्यात आम्ही मधली फळी काढली. ताई जाणार, आता कशाला हवी? फळी निघाल्यावर दुकान एकदम बाबांच्या वेळचं झालं, तोच लांब उजेड आतपर्यंत आला. मी ताईचे खण रिकामे करायला बसलो. तिसऱ्या खणात अगदी मागे एक पुडकं होतं, मलमलीत बांधलेलं. आत ही लेन्स. ही बघा, मी टेबलावर ठेवतो. बाईंच्या कॅमेऱ्याच्याच घराण्याची, रिंगबिंग काही नको. बरोबर ताईच्या अक्षरात चिठ्ठी आहे, वाचतो: "शिवणवाल्या बाईंसाठी. खांब बघितला." तारीख ताप यायच्या आदल्या दिवसाची.

म्हणजे मी ज्या काउंटरवर बसून मोठा शहाणपणा करत होतो, त्याच काउंटरच्या तिसऱ्या खणात माझ्या गुडघ्याजवळ ही लेन्स होती. ताईने ती नंतर कोणालाही दिली नाही. मला कधी दाखवलीही नाही. मी चिठ्ठी वाचत होतो तेव्हा ती समोरच बसून खोक्याला दोरी बांधत होती. तिने वर बघितलं, परत दोरी बांधायला लागली. आमच्याकडे हे असंच असतं.

त्यानंतर मी बाईंच्या घरी निमंत्रण द्यायला गेलो. सांगेन म्हणून गेलो, आणि पत्रिका देऊन जिना उतरलो. तरी त्या आल्या. तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ बसल्या आहेत. बाई, ती लेन्स ताईने निवडलेली नव्हती, माझ्या कपाटातली होती. ताईचा त्यात काडीचाही दोष नव्हता. तुमच्यासाठी तिने जी निवडली होती ती ही, आणि ती बावीस वर्षं तुमच्याच मलमलीत होती.

एक विनंती आहे. उद्या आठ वाजता ताई निघेल. आमच्या रस्त्यात गाडी शिरत नाही, ती वळणावर त्या खांबापाशी उभी राहील, आणि ताई तिथवर चालत जाईल. बाई, तुमचा कॅमेरा घेऊन दुकानाच्या दारात उभ्या राहाल? लेन्स मी लावून देतो. आणि ताई, तू खांबापाशी पोचलीस की एकदा मागे वळ. मागे वळून बघायची तुला सवय नाही, पण उद्या वळ.

मंडळाने हा समारंभ घडवून आणला, अध्यक्षांनी माझी पाचाची पंधरा मिनिटं हसून सोसली, डॉक्टरसाहेब दवाखाना बंद ठेवून आले, आणि तुम्ही सगळे एवढा वेळ बसलात, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. ही झाली रीत. आता रीतीबाहेरचं. बाई, मला माफ करा. ताई, तूही कर, तुझ्याकडे मी माफी कधीच मागितली नाही.

बाई, उठलात? निघालात का? नाही, इकडे येताय... अगं ताई, तू कुठे चाललीस? तिथे पायरी आहे, जपून उतर. अध्यक्ष, क्षमा असावी, सत्कारमूर्ती व्यासपीठ सोडून खाली गेल्या आहेत. जरा वाट द्या हो त्यांना, ती खुर्ची बाजूला घ्या.

डॉक्टरसाहेब, चष्मा पुसला तरी मला इथून काही धड दिसत नाहीये. कोणीतरी सांगा, भेटल्या का दोघी?

भेटल्या? बरं. धन्यवाद.