त्र्यंबकरावांचं खोटं सूर्यफूल

मंडळी, ऐका! टाळ जरा मांडीवर ठेवा. एक प्रश्न विचारतो. माणसाला जास्त राग कुणाचा येतो — खोटं सांगणाऱ्याचा, की खरं सांगणाऱ्याचा?

"खोटं सांगणाऱ्याचा!" वा! पण आवाज मागून आला. पुढचे गप्प आहेत. पुढच्यांना अनुभव आहे.

तर पाचगणीच्या घाटाखाली एका गावात त्र्यंबकराव भिलारे राहायचे. मोजणी खात्यातून निवृत्त. "माझी मोजणी चुकत नाही" — हे वाक्य दिवसातून चारदा. पाचव्यांदा आलं, की त्यांची बायको गजराबाई उठून आत जायची. शेजारी यादवराव दुधाणे, शेतकी शाळेतले जुने मास्तर. दोघांचा सकाळचा चहा वीस वर्षं एकाच ओट्यावर!

एकदा जत्रेत त्र्यंबकरावांनी रोपं घेतली. रोपवाला म्हणाला, "सूर्यफूल आहे साहेब! ताटाएवढं फूल!" झालं! त्र्यंबकरावांनी गावभर सांगितलं, आळीला बघायला बोलावलं. फुलं आली. पिवळीधमक, भरघोस — पण पुरीएवढी!

सगळे बघताहेत. यादवराव म्हणाले, "त्र्यंबकराव, हे सूर्यफूल नव्हे. तसं दिसतं, म्हणून याला खोटं सूर्यफूल म्हणतात. पण झाड गुणी आहे हो! खरं सूर्यफूल एकदा फुलून वाळतं. हे दरवर्षी मुळापासून फुटतं."

लोक हसले. त्र्यंबकरावांना 'नव्हे' एवढंच ऐकू आलं.

"मास्तर, तुम्ही माझ्या ओट्यावर पुन्हा पाय ठेवू नका!"

आता मला सांगा, फसवलं कुणी? रोपवाल्यानं! आणि ओटा बंद कुणाला? तबलजी, हसू नका, तुमच्या आळीची गोष्ट अजून सांगायचीय मला.

त्र्यंबकरावांनी त्या झाडाकडे पाठ फिरवली. गजराबाईनं नाही फिरवली. रोप गुडघ्याएवढं झालं की ती शेंडे खुडायची, म्हणजे फांद्या फुटतात. मावा पडला की पानांखाली कडुनिंबाचं पाणी मारायची. वाळलेली फुलं रोज कापायची. वाऱ्यात झाड झुकलं, तर बांबूची काठी रोवून सुतळीनं सैल बांधायची.

अशी तीन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी फुलं बारीक झाली. एका सकाळी गजराबाई कुदळ घेऊन खणायला लागली.

"काय करतेस?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"मुळांचा गड्डा दाटलाय. फोडून वेगळा लावायला हवा. नाहीतर मधलं मरतं."

"तुला कुणी सांगितलं?"

"यादवरावांनी."

"तू बोलतेस त्यांच्याशी?"

"भांडण तुमचं होतं. मला झाडाचं विचारायचं होतं." तिनं गड्ड्यात कुदळ घातली. "बुधवारी ते जाताहेत. मुलाकडे, नाशिकला. कायमचे."

त्र्यंबकराव उभेच राहिले. मंडळी, ज्या माणसानं लोकांचे बांध मोजून दिले, त्याला शेजारचं दार किती लांब आहे, ते त्या दिवशी कळेना!

अर्धा गड्डा ओल्या गोणपाटात गुंडाळून ते निघाले. यादवरावांनी दार उघडलं. मागे बांधलेली खोकी.

"काय आणलंत?"

"खोटं सूर्यफूल."

तीन वर्षांत पहिल्यांदा ते नाव त्यांच्या तोंडून निघालं. यादवरावांनी गोणपाट उघडून मुळं बघितली.

"कुंडीत जगेल ना?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"मोठी कुंडी हवी. आणि ऊन."

"मास्तर — त्या रोपवाल्याकडे मी दर जत्रेत जात होतो. हसून बोलत होतो. तुमच्याकडे मात्र आलो नाही."

यादवरावांचे डोळे भरले. म्हणाले, "आत या. चहाचं भांडं अजून खोक्यात गेलेलं नाही."

त्या दिवशी शनिवार होता. शनि, रवि, सोम, मंगळ — चार चहा झाले. बुधवारी टेम्पो आला आणि यादवराव गेले. कुंडी मांडीवर घेऊन गेले.

तुम्ही म्हणाल, शेवट गोड झाला. झाला ना! पण हजार सकाळी वाया गेल्या, त्यांच्या बदल्यात चार हाती लागल्या. बाकीच्या कुठून आणायच्या?

आता तुमचं बोला. जो तुमच्याशी खरं बोलला आणि तुम्ही ज्याचं येणं बंद केलंत, असा कुणी इथे मांडवात बसलाय का? मान वळवू नका, मला वरून सगळं दिसतं! आरतीला अजून वेळ आहे. ज्याला उठून त्याच्या शेजारी जाऊन बसायचं असेल, त्यानं आत्ताच उठावं. मी डोळे मिटतो.