सुगत वाव्हळे यांच्या माइकचा रुमाल

जबाब
दि. १८/०२/२०२५

मी, बबिता भ्र. सुगत वाव्हळे, वय २९ वर्षे, धंदा शेतमजुरी व गायन, रा. गंगाखेड, जि. परभणी, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी पती सुगत, मुलगी भक्ती, दीर सिद्धोधन व सासू सरजाबाई यांच्यासह राहत होते. आता पती सोडून बाकीचे राहतो.

आमची भीमगीते व बुद्धगीते गाणारी घरची गायन पार्टी आहे. पती मुख्य गायक होते. दीर कीबोर्ड वाजवतो. मी व नात्यातील दोन बाया कोरस म्हणतो. माइक व स्पीकर आमचे नाहीत, ज्याच्याकडे कार्यक्रम असेल तो साऊंडवाला ठरवतो.

गेल्या धम्मचक्र दिनाच्या आधी दिराने नांदेडकडील एका मोडलेल्या बॅन्ड पार्टीचा जुना कीबोर्ड आणला. त्याचा कंपनीचा अ‍ॅडॉप्टर त्यांच्याकडून हरवलेला होता. दिराने घरातील टीव्हीच्या डब्याचा अ‍ॅडॉप्टर लावून पाहिला, कीबोर्ड चालू झाला. पिन थोडी ढिली बसत होती म्हणून तिला चिकटपट्टी गुंडाळली. पती म्हणाले, "कंपनीचा मागवून घे." दीर म्हणाला, "व्होल्ट सारखेच हायत की दादा. वायरीला काय कळतंय, कोणाची पेटी हाय ते." त्यावर आम्ही सगळे हसलो. कंपनीचा मागवायचा राहून गेला.

त्यानंतर कीबोर्डच्या मागच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येत. पुढे माइकलाही येऊ लागल्या. एका कार्यक्रमात माझे ओठ माइकच्या जाळीला टेकले आणि चटका बसला. मी तसे पतीला सांगितले. ते म्हणाले, "करंट लागल्याबिगर तुजा सूर लागत न्हाई." पुढच्या कार्यक्रमापासून ते माइकला निळा रुमाल गुंडाळून गाऊ लागले. लोकांना ती त्यांची गाण्याची पद्धत वाटली. आमच्या भागातील दुसऱ्या पार्टीच्या एका गायकानेही तसा रुमाल बांधायला सुरुवात केली. त्याला कारण माहीत नव्हते.

दि. १६ रोजी पोखर्णी शिवारात निवृत्त शिक्षक सिताराम गुरुजी यांच्या नव्या घराच्या गृहप्रवेशाचा कार्यक्रम होता. वेळ दुपारच्या जेवणाआधीची होती. स्टेज नव्हते. अंगणात टेबलावर तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा ठेवली होती, म्हणून आम्ही सर्वांनी चपला बाहेर काढल्या. धूळ बसावी म्हणून गुरुजींच्या घरच्यांनी अंगणात पाणी मारले होते. दीर व आम्ही कोरसच्या बाया सतरंजीवर होतो. पती सतरंजीवर कधी थांबत नसत, लोकांत जाऊन गात. त्या दिवशीही ते ओल्या जमिनीवर उभे होते.

साऊंड बालाजी नावाच्या इसमाचा होता. कीबोर्ड जोडताच स्पीकरमधून घुं असा आवाज सुरू झाला. बालाजी दिराला म्हणाला, "सिद्धोधनभाऊ, तुमच्या पेटीचा अ‍ॅडॉप्टर खराब हाय. दुसरा न्हाई का?" दीर म्हणाला, "न्हाई." बालाजी म्हणाला, "मग पेटी नुसती वाजवा, माझ्या मशीनला जोडू नका." लोक बसलेले होते. तेव्हा पती म्हणाले, "अर्थिंग काढ की बालाजी. लोक गाणं ऐकायला आलेत, भुंगा ऐकायला न्हाई." असे बऱ्याच ठिकाणी करतात. बालाजीने एकदा नको म्हटले. पती पुन्हा म्हणाले तेव्हा त्याने अर्थिंगची पिन नसलेला प्लग लावला. आवाज थांबला. हे मी तीन हातांवरून ऐकले व पाहिले आहे.

दोन गाणी झाली. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी पती नेहमी प्रतिमेसमोर गुडघे टेकून वंदन करत. ते प्रतिमेकडे गेले, दुसऱ्या हाताने टेबलाची लोखंडी कड धरली आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही धृपद उचलले. ते उठले नाहीत. मी धृपद दोनदा म्हटले. कीबोर्डवर लावलेला ताल आपोआप चालू होता, तो चालूच राहिला.

बालाजी आधी धावला. त्याने माइक हाताने ओढला, तेव्हा बालाजी स्वतः मागे फेकला गेला. मग त्याने मेन वायर उपटली. त्याच्या उजव्या तळहाताला भाजले आहे. तो पळून गेला असे कोणी सांगितले असल्यास ते खरे नाही. त्यानेच त्याच्या टेम्पोत पतीला परभणीच्या दवाखान्यात नेले. मी मागे बसले होते. पतीचे डोके माझ्या मांडीवर होते. डॉक्टरांनी तपासून आधीच मयत झाल्याचे सांगितले.

काल सासू सरजाबाई मला म्हणाल्या, "साऊंडवाल्याचं नाव सांग. घरातलं एक गेलं, दुसरं जाऊ देऊ नको बाई." त्यांचा एक मुलगा गेला आहे व दुसऱ्याला अटक होईल अशी त्यांना भीती आहे. मलाही आहे.  त्या दिवसापासून दीर जेवायला वाढले तर ताटावर बसतो आणि उठून जातो. तरी अ‍ॅडॉप्टर आमचा होता, बालाजीचा नव्हता. बालाजी आज सकाळपासून ठाण्याच्या बाहेरच्या बाकावर बसलेला आहे. मी आत येताना तो उठून उभा राहिला. "ताई," एवढेच म्हणाला. माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाही. दिराविरुद्धही नाही.

त्या दिवशी माइकला रुमाल का नव्हता असे विचारल्यावरून सांगते की, जीपमधून जाताना मुलीला उलटी झाली. तेव्हा तो रुमाल वापरण्यात आला. गुरुजींच्या घरी पोहोचल्यावर तो धुऊन तारेच्या कुंपणावर वाळत घातला होता. त्यामुळे गाण्याच्या वेळी माइकला रुमाल नव्हता.

कीबोर्ड, अ‍ॅडॉप्टर व माइक पंचनाम्यात जप्त झाले आहेत. रुमाल जप्त नाही. तो माझ्याकडे आहे. लागल्यास हजर करीन.

माझा जबाब मला मराठीत वाचून दाखविण्यात आला. रुमालाच्या मजकुरात "वापरण्यात आला" आणि "वाळत घातला होता" असे लिहिलेले ऐकले. ते मी तसे सांगितले नव्हते. पती रुमाल खिशात ठेवत होते. मी म्हटले, द्या इकडे, पोरीचं तोंड पुसते. त्यांनी दिला. मीच धुतला, मीच वाळत घातला. गाणे सुरू होण्याआधी त्यांनी माझ्याकडे पाहून हात पुढे केला होता. मी म्हटले, ओला हाय अजून. तशी दुरुस्ती लिहून घेण्यात आली. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

(सही) बबिता सुगत वाव्हळे