मोत्या आणि खिशातली खारी

गुडघा गेला माझा, तेव्हा सुनेने आमच्या मोत्याला फिरवायला पगारी बाई ठेवली. सुनंदा तिचं नाव. ती पट्टा कधी ओढायची नाही. मोत्या थांबला की तीही थांबायची. चाळीच्या जिन्यावर तिची चप्पल वाजली, की माझ्या पायाशी झोपलेला मोत्या उठून दाराशी जायचा. नऊ वर्षं त्याला मी फिरवलेला. मला ते बघवेना.

मग ती यायच्या आधी मी त्याला गुपचूप खारी चारायला लागलो. म्हटलं, पोट भरलं की पडून राहील, जाणार नाही.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "काका, ह्याचं पोट बिघडलंय. कोण काय देतं का ह्याला?"

"छे. आमच्यात कोण देणार?"

मोत्याने सरळ माझ्या सदऱ्याच्या खिशात तोंड घातलं.

ती हसली नाही. म्हणाली, "खारी नको, काका. उकडलेल्या चिकनचा तुकडा ठेवा, आणि मी त्याला परत आणल्यावर द्या. बघा कसा धावत येतो तुमच्याकडे."

आता खरंच धावत येतो. तुकडा खातो, हात चाटतो, आणि ती जिना उतरेपर्यंत दारात उभा राहतो.

काल विचारलं तिला, "तुझ्या खिशात काय असतं गं?"

तिने खिसा उलटा करून दाखवला. रिकामा होता.