ठोकळे पास आहेत

—नाही नाही, स्लॅबच्या मालाचे नमुन्याचे ठोकळे बघा ना साहेब, हातात घेऊन बघा! यांच्याच जोडीचे तीन मुंबईला तपासायला गेलेले, तिन्ही पास होऊन आले, शिक्क्याचा कागद आहे माझ्याकडे. तुमच्या आधीचे ओव्हरशिअर साहेब — देवमाणूस — म्हणायचे, गोपीनाथ मुकादम, तुझे ठोकळे बोलतात, मग मी शिडी कशाला चढू? आणि बोलणारच की! ठोकळ्यांचा माल मी स्वतः कालवतो, वेगळ्या घमेल्यात, नदीची गोडी वाळू, सिमेंट सढळ हातानं — घरी नेतो, आमची जनाबाई अठ्ठावीस दिवस पाणी घालते, तुळशीला विसरेल पण ठोकळ्यांना नाही.

वेगळं म्हणजे? वेगळं म्हणजे निगुतीनं, साहेब. तुम्ही पण ना, शब्द पकडता. लिहा, लिहा, काय लिहायचं ते.

स्लॅबला कुठली वाळू? वाळू ती वाळू. खाडी ही इथं, नदी तिकडं कल्याणला — आणि सिमेंट म्हणाल, तर स्वराज्य येऊन सहा वर्षं झाली तरी अजून कंट्रोलचं, परमिटावर. कळव्यात तर लोक माझ्या घरच्या ओट्याला हात लावून बघायला येतात, आरसा आहे नुसता, आरसा! गेल्याच महिन्यात केला. त्याला सिमेंट कुठलं? ते... इथंच सांडलेलं होतं थोडं, झाडून नेलं.

हा दवाखाना मात्र शंभर वर्षं हलायचा नाही. आता गावच्या बायांची बाळंतपणं इथंच, ठाण्याला धावायला नको. माझी सून? शालू? हो, दिवस भरलेत तिचे. तिला कल्याणला ठेवलीय, बहिणीकडे — तिथलं इस्पितळ जुनं, दगडी... म्हणजे हवा चांगली तिथली.

टेकू आजच काढायचे, बरोबर. भिवा, घण घे रे! टेकू पडले की दगडाबाई आणि तिच्या चार बाया आत जाऊन फळ्या उचलतात. भीती कसली? त्यांना सवय आहे. तुम्ही सावलीत बसा, चहा येतोय — अहो, कुठे निघालात? आत कशाला? साहेब, तिथं मधोमध नका उभे राहू! भिवा, थांब! काय म्हणता? मारू दे घण? अहो, ठोकळे पास आहेत, कबूल — पण तुमच्या डोक्यावर ठोकळे नाहीत, स्लॅब आहे!

बाहेर या. पाया पडतो. भिवा, खाली ठेव तो घण, टेकूला हात लावलास तर बघ — साहेब, त्यात अर्धं सिमेंटसुद्धा नाहीये हो. खाडीची वाळू, आणि राख. कंत्राटदार शेठनी सांगितलं, मी कालवलं, ह्या हातांनी. राहिलाही असता उभा, कोण सांगणार... पण तुम्ही या बाहेर. मग लिहा, माझं नाव लिहा, ओटा पण लिहा.

आलात. बरं झालं.

नको, माझ्याकडे असे बघू नका. बायांचं मनात आलं नव्हतं माझ्या. खरंच नव्हतं आलं.

दगडाबाई! घेऊन जा सगळ्यांना. आज काम नाही. उद्या पण नाही. का म्हणजे? उभ्या काय राहिलात — घरी जा म्हटलं ना!