मंगळवार-शुक्रवारचे पैसे

डेरिक : बंद नाही गं, ग्लेन. तहकूब. फंडवाल्यांनी शब्दच तो वापरलाय. या तिमाहीचा लाभांश तहकूब.

ग्लेनिस : कोट काढून बस तरी. स्वयंपाकघरात असा उभा राहिलास की वाटतं, मीटर बघायला आलेला माणूस आहेस.

डेरिक : मला वाटलं, तुला दुसरीकडून कळण्याआधी आपण जाऊन सांगावं. भाऊ म्हणून.

ग्लेनिस : गुरुवारीच कळलं मला.

डेरिक : गुरुवारी? आणि फोन नाही केलास?

ग्लेनिस : करून काय होणार होतं? तू तहकूब म्हणाला असतास.

डेरिक : चिडली आहेस तू.

ग्लेनिस : नाही रे. चिडायलाही अंगात काहीतरी लागतं. चहा ठेवलाय. कस्टर्डचा टार्ट आहे, कालचा. देऊ?

डेरिक : सँड्रानं गोड बंद केलंय माझं. अर्धा दे.

ग्लेनिस : घे सगळा. सँड्राला मी सांगत नाही.

डेरिक : रॉयस्टन कुठाय?

ग्लेनिस : कुठे असणार? पुढच्या खोलीत, पलंगावर. टीव्ही लावून दिलाय, आवाज बंद करून. त्याला आवडतं तसं.

डेरिक : बरं आहे ना त्याचं?

ग्लेनिस : जाऊन बघ की.

डेरिक : बघतो. बघतो ना. आधी हे बोलून घेऊ. हे बघ ग्लेन, कल्पना चुकीची नव्हती, एवढंच मला म्हणायचंय. रात्री पवनचक्क्या भरभरा फिरतात, तेव्हा वीज घ्यायला कोणी नसतं, स्वस्तात मिळते. ती बॅटऱ्यांत भरून ठेवायची. संध्याकाळी सगळा देश एकदम चहाची किटली लावतो, तेव्हा महाग विकायची. मधला फरक आपल्यासारख्या भागधारकांचा. यात न समजण्यासारखं काय आहे? मी स्वतः जाऊन पाहून आलो होतो. पांढऱ्या पेट्या, एकेक लॉरीएवढी, शेतात ओळीनं उभ्या. नुसती गुणगुणतात.

ग्लेनिस : पिवळं जाकीट घालून फोटो काढला होतास. सँडविचेस दिली होती तिथे.

डेरिक : सँडविचचा इथे काय संबंध?

ग्लेनिस : महिनाभर तेच सांगत होतास, म्हणून आठवलं. कोळंबीची होती.

डेरिक : ते सोड. झालं काय, की पैसा मिळतोय म्हटल्यावर जो तो बॅटऱ्या बसवायला लागला. बॅटऱ्या झाल्या उदंड, आणि वीजवाले म्हणायला लागले, आता तुम्हाला एवढे पैसे कशाला देऊ? कमाई घसरली. कमाई घसरली म्हणून लाभांश आधी निम्मा, आणि आता...

ग्लेनिस : तहकूब.

डेरिक : हो.

ग्लेनिस : म्हणजे तुझ्या गालिच्यांच्या दुकानाचं झालं तेच. समोर आणखी तीन उघडली.

डेरिक : ते वेगळं होतं.

ग्लेनिस : बरं, वेगळं होतं.

डेरिक : दोन वर्षं तर त्यांनी नेमानं दिले ना? दिले की नाही?

ग्लेनिस : दिले. खोटं कशाला बोलू? मेबलथॉर्पचं चाकांवरचं घर, ती कॅरॅव्हॅन, विकली, त्यात रॉयस्टनचे निवृत्तीचे पैसे घातले, साठ हजार पौंड झाले. मी म्हणत होते बँकेत ठेवू. तू इथेच बसून म्हणालास, बँकेचं व्याज महागाई खाऊन टाकेल. हे वर्षाला सात टक्के देतील, आणि मुद्दल जागच्या जागी. दर तिमाहीला पैसे आले, आणि त्या पैशांवर मदतीला दायवा आली. मंगळवारी दोन तास, शुक्रवारी दोन तास. त्याला पुसते, कूस बदलते, भरवते. लिथुआनियन गाणी म्हणते, त्याला एक अक्षर कळत नाही, पण हसतो.

डेरिक : मग? येतेच आहे ना ती?

ग्लेनिस : परवा सांगितलं तिला, की पुढचं काही खरं नाही. तिला इमिंगहॅमला दुसऱ्या घरचं काम मिळतंय. म्हणाली, तुमच्यासाठी शुक्रवारपर्यंत थांबते, पुढे मात्र थांबता यायचं नाही.

डेरिक : अगं, मग मी देतो दायवाचे! एवढंच ना?

ग्लेनिस : सँड्राला विचारलंस?

डेरिक : सँड्राला काय विचारायचं?

ग्लेनिस : तुझेही पैसे त्याच फंडात आहेत.

डेरिक : सगळे नाहीत.

ग्लेनिस : डेरिक.

डेरिक : बरेचसे आहेत.

ग्लेनिस : तिला माहीत आहे?

डेरिक : योग्य वेळ आली की सांगणार आहे. भाव जरा वर आला की. ग्लेन, तू फक्त एक वर्ष दम धर. नवा अध्यक्ष आलाय. मी त्याचं भाषण पूर्ण ऐकलं, दोनदा. माणूस खंबीर वाटतो. लाभांश सुरू होणार, शेअर चढणार. आज विकलंस तर साठातले जेमतेम अठ्ठावीस हातात पडतील. कागदावर आहे तोवर तो नुसता आकडा असतो. विकलं की तोटा खरा होतो.

ग्लेनिस : तोटा खरा झालाच आहे रे. पुढच्या मंगळवारी दायवा नाही.

डेरिक : वर्षभर काढशील तू कसंतरी. पूर्वी काढत होतीसच. आणि, म्हणजे, रागावू नकोस, पण बाहेर पडून तू अशी काय मोठी... सँड्रा म्हणत होती...

ग्लेनिस : काय म्हणत होती सँड्रा?

डेरिक : काही नाही.

ग्लेनिस : आता तोंड उघडलंयस तर बोलून टाक.

डेरिक : तिनं तुला पाहिलं. क्लीथॉर्प्सला, समुद्रकाठच्या तळ्याशेजारी गाड्या लावतात तिथे. तू गाडीत होतीस. डोळे मिटलेले, तोंड उघडं. ती घाबरलीच. काचेवर टकटक करणार, इतक्यात तुझं घोरणं ऐकू आलं म्हणे.

ग्लेनिस : बंद काचेतून?

डेरिक : म्हणे.

ग्लेनिस : असेल. रॉयस्टनची तक्रार लग्नापासूनचीच आहे.

डेरिक : पण तू तर म्हणाली होतीस, चर्चच्या गायनाला जातेस.

ग्लेनिस : दोनदा गेले. तिथे दीड तास उभं राहून गावं लागतं, डेरिक. दुसऱ्या खेपेला मी तिसऱ्या कडव्याला भिंतीला टेकले, ती टेकलेलीच राहिले. तेव्हापासून समुद्राकडे तोंड करून गाडी लावते, सीट मागे करते आणि झोपते.

डेरिक : दर मंगळवारी?

ग्लेनिस : आणि शुक्रवारी. मागच्या सीटवर उशी असते. तिथे आणखीही येतात माझ्यासारखे. एक निळ्या गाडीतला म्हातारा आहे. आम्ही एकमेकांना हात करतो आणि झोपतो.

डेरिक : अगं पण मग घरीच वर जाऊन झोप ना. दायवा असतेच खाली.

ग्लेनिस : घरात झोप लागत नाही. तो खोकला, की मी जिन्यात. तो खोकला नाही, तरी जिन्यात, का खोकला नाही म्हणून. हे घर आता नुसता कान झालंय माझा.

डेरिक : मला हे माहीत नव्हतं.

ग्लेनिस : तुला कसं माहीत असणार? तू नाताळनंतर आज आलास.

डेरिक : दुकान आवरायचं होतं, मग गुडघा...

ग्लेनिस : मी जाब विचारत नाहीये. चहा घे, गार होतोय. मी विकणार आहे ते शेअर्स.

डेरिक : ग्लेन!

ग्लेनिस : बँकेतल्या मुलीशी बोलले मी. येतील ते अठ्ठावीस हजार खात्यात ठेवायचे, आणि लागतील तसे दायवाला द्यायचे.

डेरिक : मुद्दल मोडून खाणार? अगं, बाबांनी जन्मात मुद्दलाला हात लावला नाही! गोदी बंद पडली तेव्हासुद्धा नाही.

ग्लेनिस : नाही लावला. आणि आईनं एका कोटावर बावीस हिवाळे काढले. बाबा गेले तेव्हा पासबुक शाबूत होतं, आणि आईला त्यातलं काय घ्यायचं हेही सुचत नव्हतं. तिनं ते तुला-मला वाटून टाकलं. त्याचे तू गालिचे घेतलेस.

डेरिक : तिनं स्वतःहून दिले होते.

ग्लेनिस : तेच म्हणतेय मी.

डेरिक : हिशेब तर कर. अठ्ठावीस हजार किती दिवस पुरतील? सहा वर्षं, फार तर साडेसहा. पुढे काय करशील?

ग्लेनिस : सहा वर्षं पुष्कळ झाली, डेरिक.

डेरिक : पुष्कळ कशी? समज, त्यानंतर...

ग्लेनिस : रॉयस्टनच्या या दुसऱ्या पक्षाघाताच्या झटक्यानंतर डॉक्टरीणबाई मला बाहेर घेऊन गेल्या. काय म्हणाल्या, ते मी कुणालाच सांगितलं नाही. आता तू समज, आणि मला पुन्हा बोलायला लावू नकोस.

डेरिक : अरे देवा. किती?

ग्लेनिस : म्हटलं ना, बोलायला लावू नकोस. ते लाभांश-बिभांश ज्याला पुढे वीस वर्षं दिसतात, त्यानं सांभाळावेत. मला मंगळवार दिसतो, फार तर शुक्रवार. तो फंड वाईट आहे असं मी म्हणतच नाही. चढेलही. तेव्हा तू मला फोन कर आणि म्हण, बघ, मी सांगत होतो.

डेरिक : असं मी कधी म्हणणार नाही.

ग्लेनिस : म्हणशील. चालेल मला.

डेरिक : मग मी काय करू? मला काहीतरी करू दे, ग्लेन. माझ्या सांगण्यावरून तू...

ग्लेनिस : त्याच्याजवळ बस. आज, दोन तास.

डेरिक : एकटा?

ग्लेनिस : तो असेल की तिथे.

डेरिक : नाताळला काय झालं ते पाहिलंस ना? मी एक घोट पाजला आणि तो निळा पडला. मी नुसता ग्लास धरून उभा. माझ्याच्यानं हलवेना. तेव्हापासून मला, कसं सांगू, मला भीती वाटते त्याच्याजवळ जायची.

ग्लेनिस : मलाही वाटते. रोज. ती बरणी घे. चहात दोन चमचे पावडर घाल आणि ढवळत राहा, मधासारखा दाट होईपर्यंत. मग ठसका लागत नाही. चमच्यानंच दे, त्यानं गिळला की मगच पुढचा. हनुवटी खाली हवी. ते नाताळचं, पावडर नव्हती म्हणून झालं. तुझ्यामुळे नाही.

डेरिक : असा दाट?

ग्लेनिस : अजून. हां, बास. जा आता. मी कोट घालते आणि निघते समुद्राकडे.

(डेरिक कप घेऊन पुढच्या खोलीत जातो.)

डेरिक : रॉय? मी आहे, डेरिक. चहा आणलाय. म्हणजे, चहाच आहे, दिसतो वॉलपेपरच्या खळीसारखा. थांब, हनुवटी खाली. असं. गिळलास? शाबास. आता दुसरा. शनिवारी आपल्या टीमनं काय केलं पाहिलंस का? शेवटच्या मिनिटाला गोल खाल्ला. म्हणजे नेहमीचंच.

रॉयस्टन : पैसे... गेले?

डेरिक : तू ऐकलंस?

रॉयस्टन : पाय गेले. कान... आहेत.

डेरिक : रॉय, मीच सांगितलं होतं तिला. कॅरॅव्हॅन विकायला लावली मी. तू नको म्हणत होतास. दर उन्हाळ्यात तुम्ही दोघं...

रॉयस्टन : गळायची.

डेरिक : काय?

रॉयस्टन : कॅरॅव्हॅन. गळायची. बादल्या... लावायचो.

डेरिक : हे तू कधी बोलला नाहीस.

रॉयस्टन : विकताना... कोण सांगतं?

डेरिक : हसू नकोस रे, ठसका लागेल. हनुवटी खाली. घे, हा चमचा घे. ती शेअर्स विकायचं म्हणतेय.

रॉयस्टन : विकू दे. तू... आडवा येऊ नको.

डेरिक : नाही येत. रॉय, म्हणजे तू सगळंच ऐकलंस? डॉक्टरीणबाईंचंही?

रॉयस्टन : ठाऊक होतं. माझंच... अंग आहे.

डेरिक : ग्लेनला माहीत आहे, तुला ठाऊक आहे ते?

रॉयस्टन : नाही. सांगू... नको. तिला वाटू दे... लपवलंय.

डेरिक : बरं. नाही सांगत. अजून एक घोट? पुरे? पुसतो थांब. असं. काय झालं? तिकडे का बघतोस?

रॉयस्टन : गाडी... निघाली नाही.

डेरिक : खरंच की. मलाही आवाज आला नाही. बघतो. ...अरे, इथेच आहे ती. खुर्चीत. अंगात कोट, हातात किल्ली, आणि गाढ झोपलीय. घोरतेय. मान केवढी वाकडी झालीय. उठवू का? म्हणावं, जा, मी आहे.

रॉयस्टन : नको. तिथला दिवा... मालव फक्त.